बोलणाऱ्याचा वाटा

मी फार बोलते असं माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत म्हटलं जातं. मला ते मान्य आहे. फक्त त्याचं खापर माझ्या स्वभावावर फोडू नये एवढंच माझं म्हणणं. कुणाला लहानपणी शिवण शिकवतात, कुणाला पेटी. मला माझ्या वडलांनी बोलायला शिकवलं, आणि तेही हरणांच्या शिकारीसाठी.

आमचं गाव डोणगावजवळ, पैनगंगेच्या खोऱ्यात. खाली काळी जमीन, वर मुरमाड बरड आणि दोन्हींच्या मधे आमची वावरं. महाराष्ट्र होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. पीक राखायला म्हणून वडलांना ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळालेला होता आणि त्या बंदुकीवर त्यांचा जीव होता. नळी तेलानं पुसायची, दारूची शिंगडी कोरड्या जागी टांगायची, बार पेटवायच्या टोप्या कुणी नांदुऱ्याला चाललं की त्याच्याकडून मागवायच्या. आई म्हणायची, इतकं जर मले पुसलं असतं तर मी अजून नवी दिसली असती. वडील यावर हसत आणि नळी पुसतच राहत.

शिकार म्हटली की लोकांना धावपळ आठवते. आमच्याकडची शिकार म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. हरणं वर्षभर एका जागी राहत नाहीत आणि ती कधी कुठे असतील हे ज्याला कळलं त्यालाच बंदुकीचा उपयोग, असं वडील म्हणत. मृग लागला की कळप बरडावर चढायचा. काळी माती हरणाच्या नाजूक खुरांना धरून ठेवते, मुरमात पाय मोकळा राहतो. वर कोवळं गवतही भरपूर. त्या दिवसांत आमची बैलबंडी चिखलातून हलत नसे आणि हरणींच्या मागे पाडसं असत, म्हणून बंदूक खुंटीला टांगलेली. पावसाळा सरला की बरडावरच्या गवताला कुसळं धरायची आणि ती हरणांच्या तोंडाला टोचायची. त्याच सुमाराला खाली काळ्या जमिनीत हरभरा उगवून आलेला असे. जमीन वाळून पायाला घट्ट झालेली. मग एखाद्या सकाळी कळप गुपचूप खाली उतरायचा.

हे उतरण्याचे पहिले आठ-दहा दिवस म्हणजे शिकाऱ्याची दिवाळी. हरभरा इतका लहान की राखायला अजून कुणी बसलेलं नसे, सगळं गाव कापूस वेचण्यात गुंतलेलं, आणि हरणं कोवळ्या शेंड्यांवर तुटून पडलेली. पुढे शेताशेतात माचाणं उभी राहत, राखणदार गोफणी फिरवत, आणि कळप नदी उतरून पल्याड निघून जाई. पल्याड जवारीची सोंगणी झाली की मोकळ्या वावरांत तो हिंडायचा, लांबूनच माणूस दिसला की उधळायचा. उन्हाळ्यात डोहावर यायचा. पण पाणी प्यायला आलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही हा वडलांचा नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

आता ह्यात माझं काम कुठे आलं ते सांगते. हरीण माणसाला भितं, बैलबंडीला भीत नाही. बंडी वावरातून रोजच जाते, तिच्यात कडबा असतो, बायका असतात, त्यांची बडबड असते, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत असतात. ह्यातलं काही त्याच्या वाईटावर नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. म्हणून वडील बंडीच्या मागे, अगदी आड राहून वाकून चालायचे आणि बंडी कळपाच्या भोवती मोठा फेरा घ्यायची, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. सरळ कळपावर बंडी घातली की खेळ खलास. आणि दुसरं, बंडीतली माणसं गप्प झाली की खेळ खलास. घाट्या वाजताहेत, चाकं कुरकुरताहेत आणि माणसं मुकी, हे हरणाला बरोबर कळतं. काळवीट मान वर करतो, पाय आपटतो आणि सगळा कळप उड्या घेत निघून जातो.

तर बंडीत बोलायला मी असे. माझी आई हरणं दिसली की श्वास रोखून बसायची. भाऊ कुजबुजायचे, आणि कुजबुज तर गप्प बसण्याहून वाईट. मी मात्र काळवीट दगडाच्या टप्प्यात आला तरी शेजारणीच्या लुगड्याबद्दल त्याच सुरात बोलू शकत होते. त्याबद्दल मला वाटा मिळे. हो, आमच्याकडे शिकारीचे वाटे ठरलेले होते. ज्याच्या वावरात जनावर पडलं त्याला मागची एक तंगडी, बैलवाल्याला पुढची, आणि कलेजी बोलणाऱ्याची. चुलीत भाजलेली ती गरम कलेजी मिठाला लावून खाताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

अशा पोरीचं लग्न दुसरबीडला झालं.

सासरे दुसरबीडच्या सडकेवर भुसार मालाचं दुकान चालवायचे. माणूस सरळ, पण तोलूनमापून बोलणारा, आणि घरही तसंच. तिथली बोली जालन्याकडे झुकलेली. ‘का’ विचारायला आम्ही काऊन म्हणायचो, ते कामून म्हणायचे. पण मला अडचण बोलीची आली नाही, बोलण्याचीच आली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं की मामंजी घरात असले की सुनेचा आवाज चुलीपुढे ऐकू येऊ नये. मामंजी दुकानातून घरात आणि घरातून दुकानात दिवसभर ये-जा करायचे, म्हणजे दिवसभर माझ्या तोंडाला कुलूप. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः तसंच केलेलं होतं आणि दुसरं काही असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. माझे मालक तर बापासमोर हो आणि नाही याच्या पलीकडे गेलेले मी पाहिले नव्हते. मी विहिरीवर जायची तेव्हा रहाटाशी बोलायची. रहाट निदान कुरकुरत तरी असे.

त्यात एक काटा होता, आणि तो माझ्या वडलांनीच पेरलेला. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनी वांग्याच्या भाजीचं कौतुक केलं तेव्हा वडलांना चेव चढला. वांग्याचं काय घेऊन बसलात, म्हणाले, इवाई, तुळशीचं लगीन लागलं का दुसऱ्या दिवशी या, तुम्हाले हरणाचं मटन खाऊ घालतो. भर मांडवात, शे-दीडशे माणसांदेखत. व्याह्यांनी हरीण कधी खाल्लेलं नव्हतं. ते म्हणाले, येतो. आणि मांडवातलं बोलणं म्हणजे आमच्याकडे कागदावर लिहिल्यासारखंच.

तेव्हापासून सासरी माझ्या बापाचं हरीण पाहुण्यासारखं येऊन राहिलं. वरण पातळ झालं की मामंजी सासूबाईंना सांगायचे, असू द्या, आपल्याला तुळशीनंतर हरीण खायचंय. भाकरी करपली, हरीण. दुकानात कुणी बढाई मारली की हा माणूसही हरणवाल्यांच्या गावचा दिसतो. ते चिडवत नव्हते, त्यांच्या परीनं ती गंमत होती. पण मी चुलीशी बसलेली असे आणि उत्तर देता येत नसे. उत्तर देता आलं असतं तर मी त्यांना असं काही सुनावलं असतं की ते स्वतःच हसले असते. गप्प बसून ऐकलेली गंमत फार लागते. मला तेव्हा एकच दिसत होतं. वडलांनी शब्द पाळला तर हे हरीण संपेल आणि नाही पाळला तर ते माझ्या जन्माला पुरेल.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. श्रावणच दोन आले. आमच्यासारख्या खाणाऱ्या घरांना एक श्रावण निभवता निभवता नाकी नऊ येतात, दोन म्हणजे शिक्षाच. वडील दोन महिने नुसती बंदूक पुसत होते असं आईनं सांगितलं. जावयाला धोंड्याचं जेवण द्यायला म्हणून आम्हा दोघांना माहेरी बोलावलं. माझ्या मालकांनी पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाल्ले, इतके की संध्याकाळी त्यांना अंगणात फेऱ्या माराव्या लागल्या. वडील समोर बसून आग्रह करत होते आणि तुळशीनंतरच्या बेताबद्दल सांगत होते. कळप कुठल्या पांदीनं उतरतो, कुठल्या वावरात पहिल्यांदा तोंड घालतो, कुठे बंडी वळवायची. मालक मान डोलवत होते. तुपानं त्यांना बोलवत नव्हतं.

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी मामंजी, माझे मालक आणि मी एसटीनं माझ्या माहेरी पोचलो. मामंजींनी नवं धोतर नेसलं होतं आणि जेवताना लागेल म्हणून घरून कांदालसणाचा मसाला डब्यात घालून आणला होता. वाटभर माझी नजर त्या डब्यावरच होती.

वडील व्याह्यांना घेऊन लगेच हरभऱ्याकडे निघाले. नुसतं दाखवायला, शिकार दुसऱ्या सकाळी. मी मागून आईबरोबर जेवण घेऊन गेले. वडील बांधावर उभे होते आणि त्यांचं तोंड उतरलेलं होतं. हरभरा चांगला वीतभर झाला होता. चारही बाजूंनी माचाणं उभी होती आणि एका माचाणावरून कुणीतरी गोफण फिरवून पाखरं उडवत होतं. हरणं नव्हतीच. होत्या त्या लेंड्या, सुकून खडखडीत झालेल्या. शेंडे खुडलेली रोपं पुन्हा फुटून आली होती. वडील त्या लेंड्या बोटांनी चुरडून बघत होते. मामंजींनी विचारलं, हरणं हीच का? वडील हातातला चुरा झटकून पुढचं खुडलेलं रोप बघायला वाकले.

कोडं आईनं सोडवलं. भाकरी फडक्यातून काढता काढता ती म्हणाली, "पेरता तुमी नक्षत्रावर अन्‌ शिकार करता तुळशीवर. औंदा दोन श्रावण झाले. जावयाले धोंडे वाढले तवा कुठं होतं ध्यान? हरणाईनं काही धोंड्याचा महिना पाळला नाही."

सगळं तिथेच होतं, आमच्या सगळ्यांच्या ताटात पडून गेलेलं. धोंड्याच्या महिन्यानं लांबली होती ती तिथी. ऊन, गवत, कुसळं, हरभरा ह्यांनी आपला दिवस सोडला नव्हता. एरवी वडलांचा तुळशीचा हिशेब चार-आठ दिवस इकडेतिकडे होऊन चालून जायचा. ह्या वर्षी तुळस चांगली अडीच-तीन आठवडे मागे राहिली होती, आणि कळप वेळेवर उतरून, खाऊन, गोफणीचे दगड खाऊन नदीपल्याड निघूनही गेला होता. मृगावर पेरणारा, हस्ताचा पाऊस बोटावर मोजणारा माणूस, शिकारीला मात्र तुळशीचं लग्न धरून बसला होता. वडलांनी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःवरच खो खो हसत सुटले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी हातातला डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

वडलांनी हार मानली नाही. कळप पुढे गेला तर आपणही पुढे जाऊ, असं म्हणाले. पल्याडची जवारी सोंगून झाली होती, म्हणजे हरणं मोकळ्या वावरांत असणार. तिथे ती जास्त बिचकतात, पण बंडी आहे. आणि बंडीत बोलायला, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मामंजींकडे. त्यांचं वाक्य तिथेच अडलं. मी डोईवरचा पदर पुढे ओढून उभी होते. व्याह्यांच्या देखत सुनेनं बडबड करायची म्हणजे काय हे त्यांनाही कळत होतं. ते एवढंच म्हणाले की पोरीलाही घेऊ, बसून राहील.

सकाळी नदी उतरून आम्ही पल्याड गेलो. बैल माझे मालक हाकत होते. त्यांच्या मागे मामंजी, आणि सगळ्यात मागे, बंडीच्या बाजूच्या दांड्याला पाठ लावून, मी. माझ्यामागे हाताच्या अंतरावर वडील वाकून चालत होते. ऊन कोवळं होतं, धसकटांवर दव होतं. मग कळप दिसला. मधे काळाभोर नर, पोटाशी पांढरा, आणि भोवती पिंगट माद्या, सोंगलेल्या वावरात सांडलेल्या कणसांचे दाणे वेचत असलेल्या. मी कितीतरी हरणं पाहिली होती, तरी मला आनंद झाला. मामंजींनी तर चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

पहिला फेरा सुरू झाला. घाट्या वाजत होत्या आणि आम्ही तिघं दगडासारखे. सून सासऱ्यापुढे बोलत नाही, मुलगा बापापुढे बोलत नाही, आणि बापाला सुनेशी काय बोलावं ते माहीत नाही. काळविटानं मान वर केली. वडील मागून हळूच म्हणाले, बोला न कोणी. मामंजींनी घसा साफ केला आणि मुलाला विचारलं, तुरीचा भाव काय निघेल औंदा? मुलगा म्हणाला, निघेल. तुरीवरची चर्चा संपली. काळविटानं पाय आपटला आणि अख्खा कळप हवेत उडाला. दोन वावरं पलीकडे जाऊन थांबला आणि तिथून आमच्याकडे बघत राहिला.

मालकांनी बंडी वळवली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वडलांना मी पाहू शकत होते. त्यांच्या धोतराला कुसळं चिकटली होती, कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला रडू येईल असं वाटलं. दुसरा फेरा सुरू झाला तसं मामंजींनी मान न वळवता, समोर बैलांकडे बघत म्हटलं, "सूनबाई, तुम्ही बोला."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कामून गप्प? बोला. हरणं उठतील."

आता सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून बोलणं शक्य नव्हतं, म्हणून मी डाव्या बैलाशी बोलायला सुरुवात केली. ऐक रे बैला, म्हटलं, तू लई दिवसानं भेटला. आधी जीभ जड होती. मग ती सैल झाली. मग मला भानच राहिलं नाही. दुसरबीडच्या घरातल्या फळीवरच्या उंदरांपासून मी सुरू केलं. मामंजी कढी कशी ओढतात आणि तो आवाज सडकेपर्यंत कसा जातो. तुझा हाकणारा झोपेत इतकं बोलतो की दिवसा त्याला बोलायला काही उरतच नाही. सासूबाईंच्या हाताचा ठेचा कसा झकास असतो आणि तो कसा करतात हे विचारायला तोंड उघडायची सोय नाही. मालकांच्या खांद्यांना हसू फुटलेलं मागूनही दिसत होतं. बंडी फेरा घेत होती, हरणं खाली मान घालून चरत होती, आणि माझा सूर पूर्वीसारखा लागला होता, ना वर ना खाली.

"बैला," मी त्याच सुरात म्हटलं, "मह्या बापानं मले बोलाले शिकवलं, अन्‌ मी रहाटासंगं बोलते. वरण पातळ झालं का बापाचं हरीण, भाकर करपली का बापाचं हरीण. आज हरीण भेटो का न भेटो. पण मह्या बापाले कोणी हसू नये. मले लई लागते."

एवढं बोलून मी थांबले नाही, थांबायचं नव्हतंच. लगेच शेजारणीच्या लुगड्यावर गेले. फेरा लहान होत होता. आता माद्यांच्या कानांतले पांढरे केस दिसत होते. काळवीट तर इतका जवळ की त्याच्या शिंगांचे पीळ मोजता आले असते. मी बोलत होते आणि आतून बार कधी होतो त्याची वाट बघत होते. बंडी कळपाच्या अगदी बाजूनं गेली. बार झाला नाही. बंडी पुढे गेली. तरी बार नाही.

मी मागे वळून बघितलं. वडील बंडीचा आडोसा सोडून वावराच्या मधोमध उभे होते, ताठ. बंदूक खांद्यावर तशीच, नळी आभाळाकडे. दुसऱ्या हातानं पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलेलं. हरणांनी त्यांना पाहिलं आणि उड्या मारल्या. एकामागून एक, जवारीच्या पेंढ्यांवरून, इतक्या उंच की खालून ऊन दिसलं. मामंजींनीही मान वळवली होती. त्यांनी आधी हरणं पाहिली, मग माझ्या वडलांना बराच वेळ पाहिलं.

वडील जवळ आले आणि म्हणाले, टोपी ओली झाली. लागलीच नाही.

पाऊस जाऊन महिना उलटला होता. टोप्या त्यांच्या कोपरीच्या खिशात, मेणकापडात गुंडाळलेल्या. घोडा चढवलेलाही नव्हता, ते मी डोळ्यांनी बघितलं. मामंजी बंदुकीच्या बाबतीत अडाणी असतील, पण जन्मभर दुकानदारी केलेला माणूस, खोटा माल त्यांना न दाखवता कळायचा. ते बंडीतून खाली उतरले, वडलांच्या धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढू लागले, आणि म्हणाले, "व्हतं असं. दोन श्रावणाच्या सालात दारू दमट राहत असंल."

वडलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघं हसले. परत येताना मामंजी बंडीत बसले नाहीत. दोघं व्याही मागून पायी चालत आले. नदीपर्यंत वडलांचा आवाज येत होता, हरणं मृगात कुठे असतात आणि उन्हाळ्यात कुठे, पाण्यावरच्या जनावराला का मारू नये. मामंजींचा हुंकारही मधून ऐकू येत होता. मी बंडीत होते आणि मालक मला विचारत होते की मी झोपेत काय काय बोलतो ते सांग. मी सांगितलं.

आईनं दोन कोंबडे कापले. मामंजींचा मसाला त्यात घातला. पुरुषांची पंगत बसली तेव्हा मी आत चुलीशी होते. वडील आपणहून म्हणाले की इवाई, मांडवातला शब्द राहिला माह्याकडं. ते हसत म्हणायचा प्रयत्न करत होते, पण मला कळत होतं की त्यांना लागलं आहे. आपल्या पोरीपायी त्यांनी भर मांडवातला शब्द टाकला होता, आणि हे ते कुणाला सांगणार नव्हते. आईलाही नाही.

मामंजींनी हातातला घास ताटात ठेवला. वाटेत चालताना वडलांनी त्यांना सगळे वाटे सांगितले असणार, तंगडी कुणाची आणि पुढचा पाय कुणाचा. ते आईला म्हणाले, "इवाईणबाई, कलेजी आम्हाला वाढू नका. बोलणाऱ्याचा वाटा असतो म्हणे. आत द्या."

आईला काही कळलं नाही. शिकार झाली नाही आणि वाटा कसला, असं ती पुटपुटली. पण तिनं कोंबड्याची ती बोटाच्या पेराएवढी कलेजी काढून माझ्या ताटात ठेवली. मी पदर पुढे ओढून ती खाल्ली. तशी कलेजी मी त्याआधी आणि त्यानंतर कधी खाल्ली नाही.

पुढे काही वर्षांनी शिकारच बंद झाली, परवाने गेले, आणि झालं ते बरंच झालं. आता बरडावर हरणं दिसली की पोरं मोबाइल काढतात. तीही आवाज न करता दबकत जातात आणि कळप उधळला की हळहळतात. मी त्यांना सांगते की गप्प नका जाऊ, बोलत जा. ती माझ्याकडे बघून हसतात.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या एसटीचं. परतीच्या वाटेवर मी खिडकीशी बसले होते, मालक शेजारी, मामंजी मागच्या बाकावर. गाडीनं डोणगाव सोडलं तरी मी सवयीनं गप्पच होते. दुसरबीड जवळ येत चाललं होतं आणि मला ते घर, ती चूल, तो रहाट आठवत होता. तेवढ्यात मागून मामंजी खाकरले आणि म्हणाले की सूनबाई, हरणं उठतील. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग मी बोलायला लागले, ती गाडी दुसरबीडच्या फाट्यावर थांबेपर्यंत बोलत होते, आणि मागच्या बाकावरून मामंजी मधूनमधून हं म्हणत होते.